सूर्य उगवला की पाठ फिरवा

श्रोतेहो, नमस्कार.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करून सूर्योदयाचे फोटो काढायचे, तर एका फेरीत भागत नाही. त्याच काठावर पुन्हा जावं लागतं, कारण सूर्य त्याच जागी उगवत नाही. डिसेंबरात तो आग्नेयेकडे असतो, जूनपर्यंत पार ईशान्येकडे सरकलेला असतो. आणि पाणीही जागचं हलतं. प्रवरेवरचं हे दगडी धरण १९२६ साली पुरं झालं. दर पावसाळ्यात ते भरतं आणि शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटू लागली की पाणी खाली खाली जातं. दिवाळीत जिथे पाण्यात पाय सोडून बसलात, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो.

मी पांजरे गावाच्या बाजूच्या काठावर जाते. दक्षिणेला रतनगड, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची रांग आणि पूर्वेला पाणी, ते थेट धरणाच्या भिंतीपर्यंत. हिवाळ्यात सूर्य त्या पाण्यापलीकडच्या डोंगरांवरून वर येतो.

वेळेचं नीट ऐका. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सकाळ आणखी उशिराच होत जाते. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय येतो संक्रांतीच्या आसपास, सव्वासाताच्या सुमारास. कॅमेरा मात्र सहाला लागलेला हवा. पुन्हा सांगते, सूर्य सव्वासाताला, कॅमेरा सहाला. आभाळाचे रंग सूर्याच्या आधी येतात, आणि वारा सुटलेला नसतो म्हणून पाणीही तोवरच स्थिर असतं.

आता त्या काठावरच्या मामांची गोष्ट सांगते. ही मी कुठेही, कुणालाही सांगते.

असाच जानेवारी होता. तंबूची चेन उघडली तर बाहेर काहीच नाही. ना पाणी, ना डोंगर. नुसतं धुकं. रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरते, धरणाचं पाणी त्या मानाने कोमट असतं, आणि त्याची वाफ वर आली की तिथल्या तिथे धुकं होतं. ट्रायपॉड लावून मी उभी राहिले. काठावरच्या घरातल्या मामींनी चहा आणून दिला, स्टीलच्या पेल्यात. हल्ली मुक्कामाच्या जागी सर्रास कागदी कप देतात आणि दुसऱ्या दिवशी तेच कप पाण्यावर तरंगतात. पेला विसळायला कितीसं पाणी लागतं? घरून आपापला पेला न्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, चहा घेत होते आणि धुक्यातून आवाज आला. चुबुक, चुबुक. हळूहळू एक काळा आकार दिसू लागला. ट्रकच्या टायरची ट्यूब, तिच्यावर बसलेला माणूस, दोन हातांत दोन फळकुटं, आणि त्यांनीच वल्हवत येतोय. मामीच म्हणाल्या, "आमचं मालक हायेत. जाळं उचलाया गेल्ते." नेमका तेव्हाच सूर्य वर आला. मामांच्या पाठीमागचं सगळं धुकं केशरी झालं, आणि मधोमध मामा, ट्यूब आणि मागून ओढत येणारे जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे, सगळं काळंभोर. तो फोटो मला मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात तो मोठा छापून, फ्रेम करून मी मामांकडे घेऊन गेले. फोटो छापावा, मंडळी. फोनमधले हजारो फोटो कुणी बघत नाही. भिंतीवरचा एक घरातले सगळे रोज बघतात. मामा ओटीवर बसले होते. फ्रेम मांडीवर घेऊन त्यांनी बराच वेळ निरखली. मग बोट ठेवलं ट्यूबला बांधलेल्या गोणीवर. "ही गोणी माझी. ट्यूबबी माझी. ती फुटली आता." तेवढ्यात मामी पदराला हात पुशीत आल्या.

"कोण हाये ह्यो?"

"मामा आहेत, मामी."

"तोंड कुठंय यांचं? समदं काळंच."

मी समजावू लागले, सूर्य मागे होता, म्हणून असं येतं, याच्यातच गंमत आहे. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मुंडासं यांचंच हाये. पण भिंतीला लावायचा म्हंजी तोंड दिसाया पायजे. उद्या परत काढा."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर मामा काठावर जाळं पसरून बसले, तोंड पूर्वेला. मी त्यांच्यासमोर, म्हणजे सूर्य माझ्या पाठीशी. कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघतच राहिले. जाळ्याच्या गाठीगाठीवर दव होतं. मामांच्या मनगटाला माशाचा एक खवला चिकटलेला, तो चमकत होता. गालावरचे पांढरे खुंट एकेक मोजता येत होते. आणि त्यांच्या मागे कुलंगचा कातळ तांब्यासारखा लाल. इतके दिवस हे सगळं माझ्या पाठीमागे घडत होतं! मामींना कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "हां, आता हे हायेत."

म्हणून सांगते, सूर्याचा फोटो मिळाला की त्याच्याकडे पाठ करा. वर आलेल्या सूर्याचं ऊन पहिली दहा-पंधरा मिनिटं मऊ असतं. त्याला हवेच्या जाड थरातून तिरकं यावं लागतं, त्यात निळा रंग विखुरतो आणि तांबडा-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. त्या वेळात पश्चिमेचे कडे बघा, दक्षिणेला रतनगडावर एका अंगाने पडलेलं ऊन बघा, माणसांचे चेहरे बघा. माणसांना मात्र आधी विचारा.

बाकी थोडक्यात. लेन्सवर दव धरतं, म्हणून जुन्या सुती साडीचा तुकडा खिशात ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी अंगाशी, स्वेटरच्या आत ठेवा. आभाळ पांढरंफटक पडत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं कमी करा.

आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि तिथे रात्री बारापर्यंत स्पीकर लावून नाचणं मला मुळीच पटत नाही. मधल्या वारी जा. घोटीकडून किंवा राजूरकडून धरणाजवळच्या शेंडी गावाला पोचा, उजेडातच काठ फिरून उद्या कुठे उभं राहायचं ते ठरवून ठेवा, नाचणीची भाकरी खाऊन लवकर झोपा. गजर साडेपाचचा. नमस्कार.