फ्लॅटमधली छत्री आणि आग्नेयेचं आभाळ

श्रोतेहो, नमस्कार.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेने दिसत राहिले. मुंबईत त्यांची तोंडं वरळीच्या मनोऱ्याकडे असत, पुण्यात सिंहगडाकडे. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं… गेलं!’ जमिनीवरून होणारं ते प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद झालं आहे. महिन्याचं बिल न भरता टीव्ही मात्र आजही हवेतून घरात येतो. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली आणि आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. स्वतंत्र घराच्या अंगणात तिची छत्री, म्हणजे डिश, लावणं सोपं असतं. फ्लॅटमध्ये मात्र वर दुसऱ्याची बाल्कनी, समोर दुसरी इमारत आणि हाताशी असलेली भिंत तीन वितीची. आजचं बोलणं या फ्लॅटवाल्यांसाठी आहे.

छत्री विकत घ्यायच्या आधी आभाळ बघा. जीसॅट-१५ विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. मुंबईहून तो उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेल्यास १३१ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला दिसतो आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश वर असतो. पुण्यात दिशा १३२ अंश आणि उंची ५९ अंश. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे दिशा १४४-१४५ अंशांवर, दक्षिणेकडे झुकते, आणि उंची ६० अंश होते. आग्नेय दिशा कोणती हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही, वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघर तिथेच ठेवायला सांगतात. खात्रीसाठी होकायंत्र वापरा, पण बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला टेकवून नको. ग्रिल आणि स्लॅबमधल्या सळ्या सुईला पंधरा-वीस अंशही ओढू शकतात. मोबाइलमधल्या होकायंत्रालाही तोच धोका. इमारतीखाली मोकळ्या जागी दिशा घ्या, समोरची एखादी खूण लक्षात ठेवा आणि मग वर या.

यापेक्षाही पक्की परीक्षा सूर्य घेतो. दरवर्षी १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य आकाशात अगदी या उपग्रहाच्या मागे येतो. महाराष्ट्रात मार्चमध्ये ही वेळ सकाळी सव्वाअकराच्या आगेमागे आणि ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना येते. त्या वेळी बाल्कनीच्या ज्या कोपऱ्यात ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली असते, तिथे कितीही महागडी छत्री लावली तरी चित्र येणार नाही. त्याच दिवसांत ओळीने तीन-चार दिवस काही मिनिटं चित्र जातं, तेही यामुळेच. सूर्याचा स्वतःचा रेडिओ गोंगाट थेट छत्रीत शिरतो. अशा वेळी छत्रीला हात लावू नका. सूर्य पुढे सरकला की चित्र आपोआप परत येतं.

मार्च-ऑक्टोबरपर्यंत थांबायचं नसेल, तर साधा हिशोब सांगतो. साडेसत्तावन्न अंशांच्या चढणीत १ मीटर उंचीसाठी आडवं अंतर ६४ सेंटिमीटर लागतं. समोरची इमारत तुमच्या छत्रीपेक्षा १५ मीटर उंच असेल, म्हणजे साधारण पाच मजले वर जात असेल, तर ती आग्नेय दिशेला किमान १० मीटर लांब हवी. हाच हिशोब डोक्यावरच्या स्लॅबलाही लागू होतो. वरच्या बाल्कनीचा तळ छत्रीच्या मध्यापासून २ मीटर वर असेल, तर त्या स्लॅबची कड छत्रीपासून आग्नेय दिशेत सव्वा मीटरच्या आत संपली पाहिजे. छत्रीची वरची कडही मोकळी राहायला हवी, म्हणून प्रत्यक्षात ९० सेंटिमीटरच धरा. बाल्कनीत छत्री जितकी खाली आणि कठड्याच्या जितकी जवळ, तितकं आभाळ जास्त मिळतं. लोक नेमकं उलट करतात. उंच लावली की चांगलं दिसेल, असं वाटून छताला टेकवतात आणि स्लॅबनेच सिग्नल अडतो. कपडे वाळत घालायची दोरीही त्या तिरक्या रेषेत नको. ओली चादर या लहरींना भिंतीसारखी असते. काचेआडून सिग्नल घ्यायचा प्रयत्नही सोडून द्या, विशेषतः उन्हासाठी धातूचा थर दिलेली काच असेल तर.

आग्नेयेला बाल्कनीच नसेल, तर गच्ची हाच मार्ग. गच्ची सोसायटीची सामाईक जागा असते, तेव्हा आधी लेखी परवानगी घ्या. सोसायटीपुढे चार घरांनी मिळून एकच छत्री लावायचा प्रस्ताव ठेवला, तर तो पटकन मान्य होतो, असं आमचं मत आहे. छत्रीसमोरच्या दांड्यावर बसून सिग्नल पकडणारा भाग म्हणजे एलएनबी. चार तोंडांची, म्हणजे ‘क्वाड’ एलएनबी घेतली की चार घरांना चार स्वतंत्र वायरी जातात आणि कुणाचा सेट-टॉप बॉक्स बंद असला तरी दुसऱ्याचं अडत नाही.

छत्री केवढी घ्यायची? कोरड्या दिवशी ६० सेंटिमीटरची पुरते. प्रश्न पावसाचा आहे. जुन्या अँटेन्यावर सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत, पण चित्र दिसत राहायचं. डिजिटल चित्राला ती सवलत नाही. एका मर्यादेपर्यंत ते लख्ख दिसतं, तिच्या खाली गेलं की चौकोन फुटतात आणि पडदा काळा. मुसळधार सरी उपग्रहाच्या लहरी शोषतात. म्हणून उघडीप असताना जितका सिग्नल शिलकीत, तितका वेळ पावसात चित्र टिकतं. ९० सेंटिमीटरच्या छत्रीचं क्षेत्रफळ ६०च्या सव्वादोन पट असतं, म्हणून ही शिल्लक साडेतीन डेसिबलने वाढते. कोकणात आणि मुंबईत गच्चीवर मोठीच घ्यावी. बाल्कनीत मात्र वाऱ्याचा जोरही त्याच सव्वादोन पटीने वाढतो, हे विसरू नका. पाचव्या-सातव्या मजल्यावर ६० ते ७५ सेंटिमीटर बरी, आणि ती कठड्याच्या आतच बसवायची. कठड्याबाहेर वाकून छत्री लावू नका, कारागिरालाही तसं करायला लावू नका.

छत्रीचा पाइप काँक्रीटमध्ये १० मिलिमीटरच्या अँकर बोल्टांनी घट्ट बसवा. नुसत्या गिलाव्यात घुसलेला बोल्ट पहिल्या पावसाळ्यात सैल होतो. मग ओळंबा लावून पाइप दोन्ही बाजूंनी सरळ आहे ना, ते पाहा. पाइप कलता असेल तर छत्रीवरची अंशांची पट्टी खोटं सांगते, आणि डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते.

ही छत्री सरळ समोर बघत नाही, हे समजून घ्यायला हवं. एलएनबीचा दांडा खालून येतो, म्हणून छत्रीची खरी नजर तिच्या चेहऱ्यापेक्षा बावीस ते सव्वीस अंश वर असते. उपग्रह साडेसत्तावन्न अंशांवर असला, तरी छत्रीची पाठ उभ्या रेषेपासून साधारण ३३ अंशच मागे कललेली दिसेल. तोंड आभाळाकडे दिसावं म्हणून छत्री आणखी उताणी केली की उपग्रह हातचा गेला.

आता बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा आणि त्या त्या नावापुढे हे भरा. एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०, ट्रान्सपाँडर ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, २२ किलोहर्ट्झ बंद आणि एलएनबी पॉवर चालू. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवर विश्वास ठेवू नका. एलएनबीला वीज मिळाली की ती आभाळात कुठेही पाहत असली, तरी ही पट्टी भरते. क्वालिटी वर आली तरच तुमचा उपग्रह सापडला. बाजारात मिळणारं, पी-पी वाजणारं छोटं मीटरही कुठल्याही उपग्रहावर वाजतं. शेवटचा शब्द क्वालिटीचाच.

उंची पट्टीवर ठेवून छत्री डावी-उजवीकडे फिरवा, पण अगदी सावकाश. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा १ अंशाने बदलते, आणि शेजारचे उपग्रह दीड-दोन अंशांवरच आहेत. थोडं सरकवा, तीन सेकंद थांबा, बॉक्सला पकडायला वेळ द्या. क्वालिटी आली की आधी डावं-उजवं, मग वर-खाली, आणि शेवटी एलएनबी तिच्या पट्ट्यात थोडी थोडी गोल फिरवून सर्वांत मोठा आकडा शोधा. हे शेवटचं फिरवणं बहुतेकजण करतच नाहीत. महाराष्ट्रातून हा उपग्रह पूर्वेला खूप तिरका दिसतो, त्यामुळे एलएनबी सरळ उभी ठेवून भागत नाही. टीव्हीजवळच्या माणसाने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून पट्टी दाखवली, तर खिडकीतून ओरडावं लागत नाही. नट घट्ट करताना आकडा घसरतो, म्हणून दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा आवळा. मग उघडीप असलेल्या दिवसाचा क्वालिटीचा आकडा बॉक्सच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं की याच आकड्याशी तुलना करायची.

एवढं करून चित्र तुटत असेल, तर दोष बहुतेक वायरीत असतो. वायर आरजी-६ या प्रकारची हवी. केबलवाल्याने दहा वर्षांपूर्वी सोडलेली बारीक वायर चालत नाही. एलएनबीपासून बॉक्सकडे येणारा सिग्नल १३४० मेगाहर्ट्झच्या घरात असतो. एका वायरीच्या दोन करणारे केबल टीव्हीचे जुने स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचेच असतात, त्यामुळे तो तिथेच मरतो. दोन टीव्हींसाठी दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन वायरी ओढा. स्प्लिटर लावायचाच असेल, तर त्यावर ५ ते २४०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं पाहून घ्या.

कनेक्टर बसवताना बाहेरचं आवरण कापून जाळी मागे दुमडा. आतलं पांढरं आवरण कनेक्टरच्या आतल्या काठाबरोबर आणि मधली तार काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला, तरी एलएनबीची वीज शॉर्ट होते आणि बॉक्स तसा संदेश दाखवतो. अशा वेळी बॉक्सला दोष देण्याआधी तेवढं टोक कापून नवं करा. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत येत नाही. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी टोपी किंवा आपोआप एकजीव होणारी रबर टेप लावा. साधी काळी टेप उन्हाने एका उन्हाळ्यात सुटते. समुद्राजवळ राहत असाल, तर दर मे महिन्यात हा कनेक्टर उघडून पाहा. हिरवा-पांढरा गंज दिसला की लगेच बदला. गच्चीवरच्या छत्रीच्या पाइपला अर्थिंग द्यायला विसरू नका.

शेवटी एक तक्रार नेहमीची. छत्री जागेवर, क्वालिटी जुन्याच आकड्यावर, आणि तरी काही वाहिन्या गायब. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि त्यानुसार यादी बदलते. अशा वेळी मेनूमध्ये जाऊन नव्याने ऑटो स्कॅन करा. एमपेग-२ या जुन्या डिजिटल पद्धतीचा बॉक्स असेल, तर एमपेग-४ या नव्या पद्धतीतल्या वाहिन्या त्याला दिसणारच नाहीत, तिथे बॉक्सच बदलावा लागतो. स्कॅन पूर्ण झाल्यावर रिमोटवरचं टीव्ही-रेडिओचं बटण दाबून पाहा. याच छत्रीतून आकाशवाणीच्याही अनेक वाहिन्या खरखर न होता ऐकू येतात.