आमटीत मीठ दोनदा पडतं का?

मघाशी चहा घेताना एका आशाताईंनी मला विचारलं, "मॅडम, ल्युपस म्हणजे सांधे दुखणं नि गालांवर चट्टा ना? त्यात डोक्याचं काय?" त्या डोक्याबद्दलच आज बोलायचं आहे.

ल्युपसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. सोलं नि मासळी वाळत घालताना अंगावर घेतलेलं ऊनही आजार चाळवतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण १९९९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजारातल्या मेंदूच्या, नसांच्या नि मनाच्या १९ तक्रारींची यादी केली, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. फिट किंवा पक्षाघात झाला की माणूस धावत दवाखान्यात येतो. विसरभोळेपणा, उदासी, उगीच वाटणारी भीती मात्र घरातच राहते.

कुडाळकडची एक सून माझ्याकडे यायची. तिला ल्युपस, किडनीलाही धरलेला. चार महिने तिच्या लघवीतून जाणारं प्रोटीन कमी होत होतं, मी खूश. पाचव्या खेपेला सासूबाई सोबत आल्या. "डॉक्टरांनु, हिका भायरचा कायतरी लागला. आमटीत मीठ दोन-दोनदा घालता. राती कोण तरी हाक मारता म्हणता. देवाक गाऱ्हाणा घातलंव." चार महिन्यांत मी तिला एकदाही डोक्याबद्दल विचारलं नव्हतं. चूक माझी.

घरच्यांचा संशय ल्युपससाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवरही होता, आणि तो अगदीच खुळा नव्हता. बॉस्टनच्या १९७२ च्या अभ्यासात प्रेडनिसोन हे स्टिरॉइड रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्क्यांना झाला, ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना. पण ल्युपस मेंदूत शिरला तरी असंच दिसतं, आणि मेंदूज्वर झाला किंवा रक्तातलं सोडियम उतरलं तरीही. गोळीचा त्रास असेल तर डोस हळूहळू उतरवायचा, ल्युपस असेल तर उपचार वाढवायचे. मार्ग नेमके उलटे, म्हणून अंदाजाने काही करता येत नाही. तिचा एमआरआय तर स्वच्छ आला होता, जो या आजारात येऊ शकतो. रक्ताच्या आणि पाठीच्या पाण्याच्या तपासण्यांनंतर ठरलं की हा ल्युपसच. औषध वाढवावं लागलं. घरच्यांनी त्याआधी गोळी परस्पर बंद केली असती तर तिच्या जिवावर बेतलं असतं.

आता विचारायचं कसं? "उदास वाटतं का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नाय, बरा आसा." नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे, तिच्यातला नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याचा, संकोचून गाळू नका. स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी मात्र कमी शिकलेल्या बाईवर अन्याय करते. घड्याळाचं चित्र तिने आयुष्यात कधी काढलेलं नसतं. म्हणून मी तिच्या कालची तिच्याच आजशी तुलना करते. मीठ दोनदा पडतं का, बचतगटाचा हिशेब पूर्वीसारखा जुळतो का, एसटीचा थांबा चुकला का. दर खेपेला, बीपी बघतो तसंच.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा मी मिठाचं विचारलं. सासूबाईच बोलल्या, "आता मीठ मीच घालतंय." म्हणजे मला उत्तर मिळालंच नाही. त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले.