पावसाळ्याआधी गच्चीवर एक तार: इमर्जन्सीसाठी हॅम रेडिओ

नमस्कार मंडळी. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गाडलं गेलं आणि बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला तो गेला, तर समोर गावच नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं गाव. तेव्हापासून हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन स्वतःच्या सेटवरून बोलायचा हौशी रेडिओ, मला नुसता छंद वाटत नाही.

आधी लायसन्स. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं ओळखनाव, हातात येईपर्यंत पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचा नाही.

आता सेट. लोक ५ वॅटचा हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट, घेतात आणि सदाशिव पेठेतल्या खोलीतून कोथरूडला आवाज पोचत नाही म्हणून हिरमुसतात. अहो, १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, भिंती तिला खातात. तोच हँडी गच्चीवरच्या अँटेनाला जोडा. ही बघा माझी: मधे ४९ सेंटीमीटरची उभी काडी, खाली तिरक्या चार. बस्स.

पण वेल्हे, भोर, आंबेगाव? मधे डोंगर. तिथे ४० मीटर बँडचा एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हचा सेट लागतो, आणि दोन बाजूंना १०-१० मीटर तार. ही तार उंच नको, मुद्दाम चार-पाच मीटरवरच बांधा. लहर सरळ वर जाते, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतते आणि डोंगरापलीकडच्या दरीतही उतरते.

गेल्या जूनमध्ये माझा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, एकदम ३ च्या वर गेला. कनेक्टर उघडला, तर आतली तांब्याची जाळी हिरवी पडलेली. पाणी! आता रबर टेप खालून वर गुंडाळतो, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात. आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ, पाणी तिथूनच टपकतं.

बॅटरी १२ व्होल्टची, फ्यूज तिच्या टर्मिनलला लागूनच. १०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो, ऐकताना जेमतेम एक. म्हणून मोजकं बोला: कुठे, किती माणसं, काय हवं. समोरच्याने ते लिहून घ्यायचं आणि जसंच्या तसं परत वाचायचं.

हा सराव आजच करू. कागद-पेन घ्या, मी एकदाच सांगणार आहे. सिंहगड रस्ता, एकतानगरी, तिसरा मजला. माणसं चार. एक आजी ऑक्सिजनवर, सिलिंडर दोन तास पुरेल. बोट हवी. ओव्हर.