पहाटे चार वाजता, लिंबेच्या वाटेवर

मार्च २०१५ मधील एका पहाटे चारच्या सुमारास, मलावी देशातील ब्लांटायर शहरात, प्लास्टिकच्या पिशव्या विकून पोट भरणारा एक फेरीवाला लिंबेच्या बाजाराकडे निघाला असताना पोलिसांनी त्याला वाटेतच धरले. त्याने चोरी केली नव्हती, कोणाची तक्रारही नव्हती. दंडसंहितेच्या कलम १८४ मधील एका पोटकलमानुसार तो ‘भटका व बदमाश’ ठरला होता.

सार्वजनिक जागी, काहीतरी बेकायदेशीर करायला आला असावा असे वाटण्याजोग्या वेळी आणि स्थितीत आढळणे, एवढाच हा गुन्हा. तसे वाटायचे कोणाला, तर गस्तीवरच्या पोलिसाला, आणि त्याच पहाटे मोटारीतून जाणाऱ्याबद्दल त्याला तसे सहसा वाटत नाही. या शब्दांचे मूळ इंग्लंडच्या १८२४ च्या कायद्यात आहे, जो नेपोलियनच्या युद्धांनंतर रस्त्यावर आलेल्या बेघरांना आणि बेकार सैनिकांना आवरण्यासाठी झाला आणि पुढे वसाहतींत पोहोचला. आपल्याकडील १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानेही उपजीविकेचे उघड साधन नसताना भटकणाऱ्याला भिकाऱ्याच्या व्याख्येत बसवले, तेव्हा ही भाषा आपल्याला परकी नाही.

अशा खटल्यांत बहुतेक गरीब माणसे गुन्हा कबूल करून दंड भरतात, कारण लढायचे तर वकील हवा आणि प्रत्येक तारखेला दिवसाची कमाई बुडते. या फेरीवाल्याने मात्र गुन्हा नाकारला. ब्लांटायरमधील ‘क्रिया’ या मानवी हक्क संस्थेच्या साहाय्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये टांझानियातील अरुशा येथील आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने, असे कायदे मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेशी विसंगत असून ते बदलावेत किंवा रद्द करावेत, असे सल्लामत दिले.

पण निकाल काही आपल्या पायांनी तुरुंगात चालत जात नाही. तिथे जातात ते पॅरालीगल, म्हणजे कैद्यांना कायद्याची प्राथमिक मदत करणारे कार्यकर्ते. मलावीत २००० साली चार तुरुंगांत हे काम सुरू झाले. हे कार्यकर्ते वकील नव्हेत, न्यायालयात युक्तिवाद करण्याचा अधिकार त्यांना नाही. परंतु कच्च्या कैद्यांना एकत्र बसवून, जामीन म्हणजे काय आणि न्यायाधीशांसमोर काय बोलायचे हे ते चिचेवा भाषेत, प्रसंगी नाट्य करून, समजावतात. कोण किती दिवस खटल्याविना आत आहे याची यादीही तेच करतात. त्या यादीवरून ‘कॅम्प कोर्ट’ भरते: दंडाधिकारी स्वतः तुरुंगात येतात, आवारातच बसतात आणि एकेकाचे नाव पुकारले जाते.