आधी गिरणीतला माणूस गाठा

नमस्कार श्रोतेहो. शाळा-कॉलेजातली मुलं हल्ली मोबाईलवर इतिहासाचे माहितीपट करतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. सोलापुरात तर विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी, मे १९३० मध्ये, शहरावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लादला गेला होता. साहजिकच मुलं कॅमेरा घेऊन आधी चार हुतात्मा चौकात पोचतात.

तरीही मुलांनो, माझं आग्रहाचं सांगणं आहे की हुतात्म्यांवरची फिल्म पुढच्या वर्षी करा. यंदा गिरणी कामगारांकडे जा. मार्शल लॉची कागदपत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं आणखी वर्षभर थांबतील. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं माणूस मात्र आता मिळणं कठीणच. नातवंडं सांगतील ते ऐकीव, आणि तसं पडद्यावर लिहायलाच हवं. पण लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी मिलमध्ये पाळ्या केलेली माणसं अजून आपल्या शेजारी राहतात. त्यांचं वय झालंय. उशीर करू नका.

जाल तेव्हा 'गिरणीबद्दल सांगा' असं मोघम विचारू नका. भोंगा वाजला की घरात काय गडबड उडायची, पगाराच्या दिवशी गेटबाहेर कोण उभं असायचं, गिरणी बंद पडल्यावर चूल कशी पेटली, हे विचारा. त्या घरातल्या आजींना हमखास विचारा; त्या विड्या वळत असतील, तर त्यांच्या हाताकडे कॅमेरा न्या आणि थोडा वेळ गप्प बसा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं राहतात; तिथल्या घरात आजोबा तेलुगूत खुलत असतील, तर तेलुगूतच बोलू द्या, मराठी ओळी खाली टाका. मराठीत बोलायची सक्ती केली तर निम्मी आठवण घशातच राहते.

चादरीच्या कारखान्यात मुलाखत घेताना मालकांना विनंती करून माग थांबवा, नाहीतर शब्दच कळणार नाहीत. पण मागाची खडखड वेगळी, दोन-तीन मिनिटं सलग, जरूर टिपा. संकलनात ती लागते.

सांगितलेली सालं जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा. आणि फिल्म दहा मिनिटांची झाली तरी तासाभराचं मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. त्याची एक प्रत त्या घरी द्या, एक कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा.