पाळकांचे मन खचते तेव्हा

नमस्कार. चर्चच्या मंडळीत कोणी आजारी पडले की पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी येऊन प्रार्थना करतात, मयत झाली की रात्री-अपरात्री धावून येतात. मात्र त्यांचेच मन खचले तर त्यांनी कोणाकडे जायचे, या प्रश्नाविषयी आज बोलू या.

लंडनचे विख्यात बॅप्टिस्ट पाळक चार्ल्स स्पर्जन यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. १९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर ते उपासना चालवत असताना कोणीतरी ‘आग लागली’ अशी खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात जण मृत्युमुखी पडले. स्पर्जन तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते आणि त्यांची जुळी मुले जेमतेम महिन्याची होती. त्या धक्क्याने ते इतके कोसळले की काही दिवस त्यांना उपदेश करणेच अशक्य झाले. दोन आठवड्यांनी ते पुन्हा उभे राहिले, तरी खिन्नतेचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. पुढे संधिवाताच्या तीव्र वेदनांची त्यात भर पडली.

आपली खिन्नता त्यांनी लपवली नाही, याचा मला विशेष आदर वाटतो. पाळकपणाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी या विषयावर संपूर्ण व्याख्यान दिले. शरीराचे दुखणे, इतरांच्या दुःखांचे सततचे ओझे, बैठे काम, विश्रांतीविना चाललेले श्रम आणि जबाबदारीच्या पदावर वाट्याला येणारे एकटेपण अशी कारणे त्यांनी उलगडून सांगितली. मोठ्या यशानंतरच्या घटकेतही मन बसते, हेही त्यांनी स्वानुभवाने नोंदवले. विश्रांतीला त्यांनी वेळेचा अपव्यय मानले नाही, आणि पुढे अनेक हिवाळे ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतों येथे जाऊन राहिले.

त्यांची ही यादी आजही जुनी झालेली नाही. अमेरिकेतील बार्ना या संशोधन संस्थेने मार्च २०२२ मध्ये प्रॉटेस्टंट पाळकांना विचारले, तेव्हा ४२ टक्के पाळकांनी मागील वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा गंभीरपणे विचार केल्याचे सांगितले. त्यांनी दिलेल्या कारणांत कामाचा प्रचंड ताण सर्वांत वर होता आणि त्याखालोखाल एकटेपण होते.

हे एकटेपण समजून घ्यायला हवे. अनेक पाळक चर्चच्याच आवारातील घरात राहतात, त्यांचा पगार मंडळीच्या वर्गणीतून येतो आणि ज्यांच्याशी मैत्री व्हावी तीच माणसे कमिटीत बसून त्यांच्या कामाचा हिशेब घेतात. अशा ठिकाणी ‘मला झोप लागत नाही’ एवढे सांगणेही अवघड होते, कारण ऐकणारा त्यातून विश्वासाची उणीव काढील अशी भीती असते. वास्तविक बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुढची वाट फार लांबची आहे म्हणून आणखी एकदा खायला उठवतो.

म्हणून मंडळीच्या कमिटीला माझी कळकळीची विनंती आहे की, पाळकांची साप्ताहिक सुट्टी लेखी ठरवा आणि अंत्यविधीसारखी तातडीची निकड वगळता त्या दिवशी त्यांना फोन करू नका. पाळकांनी आपल्या मंडळीबाहेरचा एखादा विश्वासू सहकारी निवडून त्याच्याशी नियमित बोलावे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मदत मागायला अजिबात उशीर करू नये. भारत सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.