आईकडे बघत बघत

(दृश्य: एकामागे एक बसलेल्या तिघी)

हे हात बघा. आजी आईची वेणी घालतेय, आई लेकीची. लेकीच्या मांडीवर बाहुली. पेड घट्ट ओढायची, मग अंगठ्याने दाबून धरायची तिघींची लकब एकच. लेकीला ती कुणी मुद्दाम शिकवलेली नाही.

यांची गाठ वेणीच्याही आधीची आहे. आई आजीच्या पोटात पाचेक महिन्यांची होती, तेव्हाच तिच्या इवल्याशा बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार झाल्या होत्या. त्यांतल्याच एकीतून ही लेक जन्मली. म्हणजे नातीचं बीज आजीच्या उदरात धरलं होतं! पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएसुद्धा आईकडूनच येतो. मुलग्यालाही तो मिळतो, पण पुढच्या पिढीत नेते मुलगीच.

बाई म्हणून आपण कोण, हे मात्र बीजातून येत नाही. ते बघून बघून अंगी मुरतं.

(दृश्य: आरसा)

आई बाहेर निघालीय. कमरेवरून हात फिरवते, पोट आत ओढते, वळून पुन्हा बघते. ‘किती सुटलेय मी.’ लेक दारात उभी आहे. तिला आईने कधी जाड म्हटलेलं नाही. आता आरशासमोर लेक एकटीच आहे. तिनेही पोट आत ओढलंय.

मुलींना काय सांगावं, यावर सगळे बोलतात. आई स्वतःविषयी काय बोलते, तिकडे कोण लक्ष देतं?

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं. मूल वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं भरवशाचं आहे का, ते तपासलं. हा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. आईच्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज सुमारे 75 टक्के जोड्यांमध्ये बरोबर निघाला. बालपण सुखात गेलं की हालात, एवढ्यावर तो अंदाज बांधलेला नव्हता. झालं ते आई किती सरळ, सुसंगत सांगू शकते, याला वजन होतं.

न बोललेलं पुढे सरकतं. भीती, संकोच, मागे राहायची सवय.

म्हणून आम्ही कॅमेरा लावला आणि प्रश्न लेकीवर सोपवले.

‘आजी, तू शाळा का सोडलीस?’

‘सोडली कुठे? काढलं मला.’

आईलाही हे आजच कळतंय.

(इथून निवेदन नाही. तिघींचं बोलणं मूळ आवाजात.)